वहीवर वाकलेल्या बाई

ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच मोबाइल, रेंज आणि डेटापॅकवर जाते. या अडचणी खऱ्याच आहेत. कोरोनामुळे शाळा बंद असताना २०२१ मध्ये १५ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली, तेव्हा ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं फक्त ८ टक्के निघाली, तर ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबला होता. पण साधनं पुरवली की प्रश्न मिटेल, असा अर्थ यातून काढला जातो, तो पटण्यासारखा नाही. नेदरलँड्समध्ये घरोघरी उत्तम इंटरनेट आहे. तिथल्या प्राथमिक शाळा २०२० मध्ये जेमतेम आठ आठवडे बंद होत्या. नंतरच्या चाचण्यांत दिसलं, की घरून शिकताना मुलं जवळजवळ पुढे सरकलीच नव्हती आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत अधिक होतं. रेंज होती, यंत्रं होती, शिक्षकही होते. मग कमी काय पडलं?

तिसरीतल्या मुलांना ५२ वजा २७ हे गणित घाला. हातचा नीट न कळलेली मुलं हमखास ३५ लिहितात; दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढून पाच मांडतात. बाकांमधून फिरणाऱ्या बाईंना तो पाच मांडला जाताना दिसतो. त्या तिथेच वाकतात, काड्यांचा दहाचा एक गठ्ठा सोडून समोर ठेवतात, आणि शेजारच्या दोघांचीही तीच चूक निघते. तीच वही फोटो होऊन व्हॉट्सॲपवर गेली, तर अनुभवी बाई ३५ वरूनही चूक ओळखतील. पण तोवर मुलानं त्याच रीतीनं आणखी दहा गणितं सोडवलेली असतात. समजावून सांगणं पडद्यावरून होतं, कधीकधी वर्गापेक्षा चांगलंही होतं. चूक घडत असताना पाहणं मात्र होत नाही, आणि लहान मुलाचं बरंचसं शिकणं तिथेच असतं.

यावर कुणी म्हणेल, आपले वर्ग तरी कुठे धड आहेत? आक्षेप रास्त आहे. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या फक्त २७.३ टक्के मुलांना २०१८ मध्ये दुसरीचा मजकूर वाचता येत होता. ही लाजिरवाणी स्थिती शाळा चालू असतानाची आहे. पण शाळा बंद राहिल्यावर २०२२ मध्ये तोच आकडा २०.५ वर घसरला आणि वर्ग भरू लागल्यावर २०२४ मध्ये २७ च्या आसपास परत आला. पायाभूत वाचन-गणितावर दिलेल्या भराचाही त्यात वाटा असेल. तो भरही वर्गातच दिला गेला.

मोठ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. नोकरी-संसार सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेणाऱ्यांना रोजचं कॉलेज हा पर्यायच नसतो. दूरशिक्षणानं त्यांना दार उघडून दिलं, आणि ऑनलाइननं ते आणखी रुंद केलं आहे. तरी त्या विद्यापीठालाही गावोगावी अभ्यासकेंद्रं ठेवावी लागतात, हे विसरू नये. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसना नाव घातलेल्यांपैकी २०१७-१८ मध्ये सुमारे ३ टक्के लोकांनीच ते पूर्ण केले. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत २०२० मध्ये अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली होती, काही वर्गात, काही ऑनलाइन. कडक शिस्तीतल्या या तरुणांमध्येही ऑनलाइन गट मागे पडला. मग सात वर्षांच्या मुलाकडून आपण कोणती अपेक्षा धरतो?

म्हणून कमी पटाच्या शाळेत रिक्त जागेवर शिक्षकाऐवजी स्मार्ट टीव्ही देऊ केला, तर गावानं टीव्ही जरूर घ्यावा, पण शिक्षकाची मागणी सोडू नये. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत.