विभक्त मातापित्यांची मुले आणि शाळेचे कर्तव्य

सत्राच्या मध्यावर एखादी माता दोन मुलांसह माहेरी परतते व त्यांना तेथील शाळेत घालू पाहते. मुख्याध्यापक शाळा सोडल्याचा दाखला मागतात. दाखला असतो सासरच्या गावी. आणि आपल्या संमतीवाचून तो देऊ नये, असे पित्याने तेथील मुख्याध्यापकांस बजावलेले असते. न्यायालयात अद्याप अर्जही गेलेला नसतो, परंतु मुलांचे वर्ष वाया जाऊ लागते.

याबाबत कायदा संदिग्ध नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ५ अन्वये, कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तरी मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा आहे. तो येण्यास विलंब लागला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता अथवा लांबविता येत नाही. आणि विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. न्यायालयाचा मनाईहुकूम असल्यास गोष्ट निराळी. एरवी दाखला ही पित्याची मालमत्ता नव्हे, आणि तो दिल्याने शाळेने मातेचा पक्ष घेतला असेही होत नाही.

मुलाचा ताबा कोणाकडे, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा. शाळेचा नव्हे, गावकीचाही नव्हे. वडीलधाऱ्यांनी मुद्रांकित कागदावर मुलांची वाटणी लिहून दिली तरी ती न्यायालयावर बंधनकारक नसते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम २६ खाली, दावा चालू असताना व निकालानंतरही, मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी हुकूम करता येतात. शक्य तेथे मुलांची इच्छाही विचारात घेतली जाते. असे हुकूम पुढे बदलताही येतात. म्हणून जुन्या हुकुमाची प्रत घेऊन येणाऱ्यास, त्यानंतर दुसरा हुकूम झाला आहे काय, हे विचारण्यास मुख्याध्यापकांनी संकोच करू नये. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाप्रमाणे पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल सामान्यतः मातेजवळ असावे. नैसर्गिक पालक म्हणून तो कायदा प्रथम पित्याचे व त्याच्यामागून मातेचे नाव घेतो. परंतु मुलाचे हित हेच सर्वोपरी, असेही तोच सांगतो. पिता मुलाची जबाबदारी पाहत नसेल तर तो हयात असतानाही माता पालक ठरू शकते, असा निर्णय गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला आहे. पालक नेमण्याविषयीचा १८९० चा कायदा सर्वधर्मीयांस उपलब्ध आहे.

खरी कसोटी शाळा सुटण्याच्या वेळी लागते. हुकूम नसेल तर माता व पिता दोघेही पालकच. एकाच्या तोंडी सांगण्यावरून दुसऱ्यास फाटकातून परत पाठविणे योग्य नव्हे. हुकूम असेल तर त्याची प्रत दप्तरी ठेवून त्याप्रमाणेच वागावे. ओढाताण सुरू झाल्यास मुलास कार्यालयात बसवावे, केंद्रप्रमुखांस कळवावे, आणि प्रसंग हाताबाहेर जात असेल तर पोलिसांचे किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाचे साहाय्य घ्यावे. हे सारे इतर मुलांच्या डोळ्यांसमोर घडू न देणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

वर्गातील मूल या काळात पुष्कळदा आपल्यामुळेच घर मोडले असे समजत असते. एखादे गप्प होते, एखादे मारामारी करू लागते. वाचता येणारे मूलही अडखळू लागते. अशा मुलास घरची हकिकत विचारण्यापेक्षा त्याची नेहमीची जागा, नेहमीची कामे आणि नेहमीचे खेळगडी कायम ठेवणे अधिक उपयोगी पडते. ते स्वतः बोलू लागले तर ऐकावे; कोणाचे चुकले याचा निवाडा मात्र करू नये. ‘माझे वडील’ हा निबंध घालण्यापूर्वी शिक्षकाने पटावरून एकदा नजर फिरवावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. मातापित्यांचे निरोप मुलाकरवी पाठवू नयेत. न्यायालयाची मनाई नसेल तर प्रगतिपत्रक दोघांनाही पाहू द्यावे. दूर राहणाऱ्या पालकाचा मुलाच्या अभ्यासाशी संबंध राहणे बहुधा मुलाच्याच हिताचे असते.

नावाविषयीही तंटे उद्भवतात. विभक्त झाल्यावर मुलाचे आडनाव बदलून द्यावे असा आग्रह धरला जातो. परंतु जनरल रजिस्टरातील नोंद तोंडी विनंतीवरून बदलता येत नाही. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात मातेचे नाव घालणे महाराष्ट्र शासनाने आवश्यक केले आहे. ही बालके पहिलीत येतील तेव्हा हा क्रम शिक्षकांस नित्याचा होईल.

न्यायालयातून समन्स आल्यास हजेरीपट, प्रवेशाची नोंद व प्रगतिपत्रक घेऊन जावे आणि नोंदीत जे आहे तेवढेच सांगावे. मातेच्या किंवा पित्याच्या वर्तणुकीविषयी शाळेच्या शिक्क्यानिशी पत्र मागण्यास कोणी आले, तर ते नम्रपणे नाकारावे.