आधार दाखविण्याची शिस्त

पालीतील कोणत्याही शाळकरी मुलास विचारावे, की बल्लाळेश्वराच्या देवळातील मोठी घंटा कोठून आली. तो चटकन सांगेल, "चिमाजी अप्पांनी वसईहून आणली." हाच मुलगा पुढे महाविद्यालयात गेला, आणि गावाच्या इतिहासावर प्रकल्प लिहावयास बसला, की हे वाक्य जसेच्या तसे कागदावर उतरवितो. वाक्याखाली टीप नसते. शेवटी चार-पाच पुस्तकांची यादी असते. पण त्यांपैकी कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर घंटेची हकीकत आहे, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. अध्यापकांनी हटकले तर उत्तर तयार असते : "हे तर सर्वांनाच ठाऊक आहे!"

सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट प्रथम कोणाला, केव्हा आणि कशावरून ठाऊक झाली, हे विचारण्यापासून अभ्यासाला आरंभ होतो. विद्यार्थ्यांना संदर्भ देण्याची पद्धत शिकविताना आपण बहुधा स्वल्पविराम कोठे द्यावा आणि आडनाव आधी लिहावे की नंतर, एवढेच शिकवितो. त्यामुळे ही सगळी परीक्षकाची हौस आहे अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः संदर्भ म्हणजे वाचकासाठी ठेवलेली वाटेवरची खूण आहे. मी ज्या वाटेने या विधानापर्यंत आलो, त्या वाटेने तुम्हीही जाऊन पाहा, आणि माझे चुकले असेल तर मला सांगा, असे लेखक त्या खुणेने म्हणत असतो.

आता घंटेचेच उदाहरण घेऊ. मराठ्यांनी वसई घेतली ती १७३९ च्या मे महिन्यात. ही गोष्ट तत्कालीन पत्रव्यवहाराने पक्की झालेली आहे. त्या मोहिमेतील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत टांगल्या गेल्या, असे ठिकठिकाणी सांगतात. वाईजवळ मेणवलीला नदीकाठी अशी एक घंटा आहे आणि तिच्यावर १७०७ हे साल आहे. या आकड्यावरून ती घंटा त्या साली ओतली गेली एवढे कळते. ती तेथे कोणी आणली, हे त्या आकड्यातून निघत नाही. त्याला दुसरा पुरावा लागतो. म्हणजे घंटेच्या एका हकीकतीत तीन प्रकारची माहिती मिसळलेली असते : कागदपत्रांतून वाचलेली, वस्तूवर प्रत्यक्ष पाहिलेली आणि लोकांकडून ऐकलेली. विद्यार्थ्याने या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. वसईच्या विजयासाठी ग्रंथ व पृष्ठ द्यावे; घंटेवर काही अक्षरे वा साल असेल तर ते स्वतः वाचून, वाचल्याची तारीख द्यावी; आणि जे ऐकले ते "असे गावात सांगतात" या शब्दांनी मांडावे. ऐकीव माहिती लिहिण्यास हरकत नाही. तिला वाचलेल्या माहितीचा पोशाख चढविणे मात्र गैर आहे.

देवळाच्या बांधणीविषयीही असेच. मूळ लाकडी देवालय होते, ते १७६० साली नाना फडणीसांनी दगडी बांधविले, असे वाक्य वारंवार वाचनात येते. नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे त्या साली त्यांचे वय अठराच्या आसपास होते. तेवढ्यावरून ते वाक्य खोटे ठरत नाही. पण फडणीस म्हणजे त्या घराण्यातील नेमके कोण, १७६० हे काम सुरू झाल्याचे साल की संपल्याचे, असे प्रश्न कोणाही विचारी वाचकाच्या मनात येतीलच. वाक्याखाली आधार दिलेला असता, तर तो उघडून पाच मिनिटांत शंका फिटली असती. आधार नसल्यामुळे एका पुस्तिकेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे ते वाक्य फिरत राहते. आणि दहा ठिकाणी छापले गेले म्हणजे दहा साक्षी झाल्या असे आपल्याला वाटू लागते. साक्ष एकच असते, तीही गैरहजर!

ही शिस्त पाळली तर काय साधते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे शिवजन्मतिथीचा वाद. जुन्या बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म वैशाखात, शके १५४९ मध्ये, म्हणजे १६२७ साली झाला असे मानीत. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक जुनी शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली व त्यांनी १९१६ साली ती प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. शकावली कोणाच्या घरची, हे जाहीर असल्यामुळे आणि मजकूर जसाच्या तसा छापल्यामुळे कोणालाही ती तपासता आली. पुढे महाराजांच्या समकालीन कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' १९२७ साली प्रकाशात आले, त्यातही हीच तिथी निघाली. दोन स्वतंत्र साधने एकमेकांस मिळाली. वाद त्यानंतरही चालला. १९६६ साली शासनाने नेमलेल्या समितीतही एकमत झाले नाही. शेवटी २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. ज्यांना ही तारीख पटली त्यांना, आणि ज्यांना पटली नाही त्यांनाही, वाद करता आला तो प्रत्येकाने आपला आधार उघड्यावर ठेवल्यामुळे.

याच तिथीवरून एक व्यावहारिक धडा घ्यावा. शकाचे इसवी साल करताना ७८ मिळवावे, असा ठोकताळा सर्वांना माहीत असतो. १५५१ मध्ये ७८ मिळविले तर १६२९ येते, आणि ते येथे चूक आहे. कारण फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते. तेथे ७९ मिळवावे लागतात. म्हणून टिपेत साधनातील मूळ तिथी प्रथम लिहावी आणि आपण केलेले रूपांतर तिच्यापुढे कंसात द्यावे. रूपांतर चुकले तरी मूळ हाताशी राहते व दुसऱ्याला दुरुस्ती करता येते.

आता आधार कोणत्या दर्जाचा, याचा विचार करू. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८१ साली संभाजी महाराजांच्या आश्रयास आला व आपल्या या सुधागडच्या परिसरात राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघांची भेट पादशहापुरास, म्हणजे आजच्या पाच्छापुरास, झाली. या प्रसंगावर लिहिताना एखादा विद्यार्थी मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीचा आधार घेईल. घ्यावा, पण ती बखर १८११ च्या सुमाराची आहे, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे एकशे तीस वर्षांची, हे त्याने वाचकाला सांगितले पाहिजे. मुंबईच्या इंग्रजांची तत्कालीन पत्रे त्याच वर्षांतली आहेत. त्यांचे वजन निराळे. पण ती परक्यांनी दुरून लिहिलेली, हेही ध्यानात ठेवावे. साधनांची अशी पारख कशी करावी, यावर वा. सी. बेंद्रे यांनी १९२८ सालीच 'साधन-चिकित्सा' हा ग्रंथ लिहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी चाळावा.

येथेच उसन्या संदर्भाचा दोष सांगितला पाहिजे. एखाद्या अलीकडच्या पुस्तकात बखरीचा उतारा असतो. विद्यार्थी तो उतारा घेतो आणि टीप मात्र थेट बखरीची देतो. जणू बखर आपणच वाचली! मधल्या लेखकाने उतारा चुकीचा घेतला असेल तर ती चूक आता मूळ बखरीच्या नावावर जमा होते. यावर उपाय सोपा आहे. मूळ पाहिले नसेल तर "अमुक बखर, अमुक लेखकाच्या अमुक ग्रंथात उद्धृत, पृष्ठ अमुक" असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

टीप कशास द्यावी आणि कशास देऊ नये, असा प्रश्न नेहमी येतो. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हे व टीप, दोन्ही हवीत. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत सांगितला तर अवतरणचिन्हे नकोत, पण टीप हवीच. आकडे, नकाशे, छायाचित्रे, कोणाचे अनुमान, कोणाचे वर्गीकरण, या सर्वांना टीप हवी. पाली रायगड जिल्ह्यात आहे, यासारख्या निर्विवाद गोष्टीला ती नको. चार शब्द इकडचे तिकडे करून "होते"च्या जागी "असे" घातले म्हणजे मजकूर आपला होतो, ही समजूत सोडून द्यावी. वाक्यरचना व विचारांची मांडणी दुसऱ्याची असेल तर ते वाङ्मयचौर्यच होय. पुस्तक मिटून ठेवावे, वाचलेले आपल्या भाषेत लिहावे, मग पुस्तक उघडून ताडून पाहावे व टीप द्यावी, ही रीत उत्तम.

टिपेत काय असावे? ग्रंथ असेल तर लेखक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशक, गाव, साल आणि पृष्ठ. आवृत्ती का? कारण आवृत्ती बदलली की पृष्ठे बदलतात, कधी मजकूरही बदलतो. नियतकालिक असेल तर लेखाचे नाव, अंक व महिना द्यावा. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांतून पत्र घेतले, तर खंड व लेखांक द्यावा. माहिती कोणी तोंडी सांगितली असेल तर त्यांची परवानगी घेऊन नाव, गाव व मुलाखतीची तारीख लिहावी. लगेचच्या पुढच्या टिपेत तोच ग्रंथ आला तर "तत्रैव" लिहून पृष्ठ द्यावे. आडनाव आधी घ्या की नाव आधी घ्या. पण एक पद्धत धरली की शेवटपर्यंत तीच ठेवावी.

स्थळांची नावे व सरहद्दी यांकडेही लक्ष हवे. आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते; म्हणून १८८३ चे वा १९६४ चे गॅझेटिअर 'रायगड' नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. टिपेत पुस्तकावर छापलेलेच नाव द्यावे, आपल्या सोयीने ते बदलू नये. शिवाय पाली व सुधागड १९४८ पर्यंत भोर संस्थानात, पंत सचिवांच्या अमलाखाली होते. तेव्हा येथील जुने कागद केवळ अलिबागेस शोधून भागणार नाही. भोर आणि पुणे येथेही पाहावे लागते. टीप नीट लिहिलेली असेल तर पुढच्या विद्यार्थ्याची ही पायपीट वाचते.

हल्ली माहिती भ्रमणध्वनीवर मिळते. तेथील मजकूर आज असतो, उद्या बदलतो. म्हणून लेखाचे नाव, संकेतस्थळ आणि आपण तो पाहिल्याची तारीख लिहावी. संगणकाकडून निबंध लिहून घेण्याची सोय आता झाली आहे, आणि तो निबंध कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे ऐटीत देतो. लेखक खरा, साल पटण्याजोगे, पृष्ठही दिलेले. फक्त ग्रंथ जगात नाही! जो ग्रंथ आपण हातात घेतला नाही किंवा डोळ्यांनी पाहिला नाही त्याची टीप देऊ नये, हा जुना नियम आज अधिकच कडकपणे पाळला पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. त्याहून अधिक असेल तर नोंदणी रद्द होते. हे नियम हवेतच. तथापि यंत्र शब्दांचे साम्य मोजते, खरेपणा मोजत नाही. नऊ टक्के साम्य असलेल्या प्रबंधातील प्रत्येक टीप उसनी असू शकते. मूळ आधार नसलेले काही लिहिणार नाही, हा मल्लिनाथाचा बाणा टक्क्यांत बसणारा नाही.

पालीसारख्या गावात तर या शिस्तीला आणखी एक महत्त्व आहे. जुन्या घराण्यांतून मोडी कागदांचे रुमाल माळ्यावर पडलेले असतात. वाळवी, पाऊस आणि घरांच्या वाटण्या यांतून ते दरसाल कमी होत जातात. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी त्यांतला एक कागद पाहिला आणि कोणाच्या घरी, कोणत्या रुमालात, कोणत्या तारखेला पाहिला व त्यात अक्षरशः काय लिहिले होते हे टिपून ठेवले, तर पुढे कागद नाहीसा झाला तरी ती टीप उरते. कदाचित त्या कागदाचा तेवढाच पुरावा मागे राहील. प्रकल्पाला गुण किती मिळाले हे कोणी लक्षात ठेवणार नाही. पण पन्नास वर्षांनी पालीचा इतिहास लिहावयास जो कोणी बसेल, तो त्या टिपेपासून आरंभ करील.