खाऱ्या हवेतले न्हाणीघर

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात न्हाणीघरातली फळी किंवा कपाट किती वर्षे टिकेल, हे बरेचसे हवा ठरवते. सातपाटी, मुरबे, नवापूर, चिंचणी ही गावे थेट समुद्रकाठची. पालघर आणि बोईसरची स्टेशने किनाऱ्यापासून थोडी आत, तरी खारा वारा तिथपर्यंत पोहोचतो. जून ते सप्टेंबर या काळात अंगावरचा टॉवेल दिवसभर वाळत नाही, तिथे बंद कपाटातली ओल कुठून निघणार? वस्तू मावतील का हा प्रश्न त्यामुळे दुसरा ठरतो. ठेवलेली वस्तू आणि ती जिच्यावर ठेवली ती फळी दोन अंघोळींच्या मधल्या वेळात कोरडी होईल का, हे आधी पाहावे लागते.

राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर सांगितले आहे. वन बीएचके सदनिकेतले न्हाणीघर बहुधा याहून फार मोठे नसते; चार फूट रुंदी आणि सहा-सात फूट लांबी म्हणजे बरे म्हणायचे. त्यातली काही जागा दाराच्या पाखीला जाते, काही गीझरखाली मोकळी ठेवावी लागते आणि एक कोपरा बादलीचा असतो. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर त्या कोपऱ्यात बादलीसोबत पिंपही येते. नियोजनाचा आरंभ म्हणून या न हलणाऱ्या वस्तू खडूने फरशीवर आखून घ्याव्यात. उरलेली जमीन पाय ठेवण्यापुरतीच असते, म्हणून साठवण भिंतीवरच न्यावी लागते.

भिंतीवर नेमकी कुठे, याचे उत्तर अंघोळीच्या पद्धतीत आहे. शॉवरचे पाणी वरून पडते आणि भिंत डोक्यापर्यंत भिजवते. बादलीतून मगाने अंघोळ करणारा माणूस पाटावर किंवा स्टुलावर बसतो. साबणाचे पाणी फरशीवर आपटून उडते आणि जमिनीपासून साधारण तीन फुटांचा पट्टा सर्वांत जास्त भिजतो. कपडेही तिथेच घासले जात असतील तर त्या पट्ट्यावर साबणाचा थरच बसतो. मासिकांत दिसणारे बेसिनखालचे देखणे कपाट इथल्या घरात दोन-तीन पावसाळ्यांत खालून फुगते, त्याचे कारण हेच. बेसिनखालची जागा उघडी ठेवून तिथे बादली सरकवावी आणि फळ्या कमरेच्या वर घ्याव्यात. रोजच्या वस्तूंना अडीच ते चार फुटांमधली उंची उत्तम. पाटावर बसलेल्या आजीचा हात साबणापर्यंत पोहोचला पाहिजे. लहान मुलांच्या टॉवेलसाठी एक हूक तीन फुटांवर वेगळा लावावा.

भिजणाऱ्या भिंतीत सर्वांत टिकाऊ सोय म्हणजे कोनाडा. साडेचार इंची विटांच्या भिंतीत तो खोदून काढू नये; भिंत कमकुवत होते आणि ओल पलीकडच्या खोलीत उतरते. नळाचे पाइप झाकण्यासाठी पुढे नवी आडभिंत घेतली जाते, तिच्या जाडीत कोनाडा सहज बसतो. त्याच्या तळाला कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची एकसंध पट्टी घालावी, कारण टाइलचे तुकडे जोडले की सांध्यांतून पाणी आत जाते. चांगला गवंडी पट्टी बसवल्यावर तिच्यावर चमचाभर पाणी ओततो. पाणी पुढच्या कडेकडे ओघळले तर उतार बरोबर. मागच्या कोपऱ्यात थांबले तर तो पट्टी ओल्या मसाल्यातच उचलून पुन्हा बसवतो. एवढ्याशा उताराने साबणाचा चिकटा आणि काळी बुरशी, दोन्ही टळतात. कोनाड्याच्या आतही भिंतीसारखेच वॉटरप्रूफिंग करून मग टाइल लावावी आणि सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरावे.

साहित्य निवडताना दुकानातल्या झगमगाटापेक्षा धातूचा दर्जा विचारावा. स्टेनलेस स्टीलच्या बहुतेक स्वस्त रॅकना २०२ दर्जाचा पत्रा असतो. त्यात निकेल कमी असल्याने खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो. ३०४ दर्जात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये भर म्हणून मॉलिब्डेनम असते, म्हणून तो क्षारापुढे अधिक टिकतो. अगदी किनाऱ्यावरच्या घरात त्याचा जास्तीचा खर्च वाया जात नाही. चुंबक चिकटले नाही म्हणजे माल ३०४ आहे, ही समजूत चुकीची आहे; २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. रॅक चांगला घेऊन स्क्रू साध्या लोखंडाचे लावले की ब्रॅकेटखाली टाइलवर तपकिरी ओघळ उमटतो. तेव्हा स्क्रूही स्टेनलेसचेच मागावेत.

बंद कपाट हवेच असेल तर ते दाराजवळच्या कोरड्या भिंतीवर, आरशामागे, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचे घ्यावे. मरीन प्लाय वापरायचा झाल्यास त्यावर आयएस ७१० ची खूण पाहावी आणि कापलेल्या कडा सुताराकडून बंद करून घ्याव्यात, कारण पाणी कडेतूनच शिरते. पल्ल्याला खाली-वर जाळी किंवा फटी असाव्यात. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीसमोर मात्र कपाट, रॅक, काहीही येऊ नये. इथल्या न्हाणीघराला वाळवणारी तेवढी एकच वाट असते.

अनेक घरांत न्हाणीघराच्या माळ्यावर पाण्याची टाकी असते. ५०० लिटरची टाकी भरली की तिच्यातले पाणीच ५०० किलो होते. त्या माळ्यावर आणखी सामान चढवणे धोक्याचे आहे, आणि टाकीचे झाकण उघडून ती धुता येईल एवढी मोकळीक वर राहिलीच पाहिजे. गीझरखालीही हात आणि पाना फिरेल इतकी जागा सोडावी. त्याचे व्हॉल्व्ह तिथेच असतात.

फरशी साफ करायचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर यांना एकत्र जागा देऊ नये. दोन्ही मिसळली तर क्लोरीन वायू तयार होतो. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. अ‍ॅसिडच्या नुसत्या वाफेनेही जवळचे स्टील काळवंडते, म्हणून ती बाटली न्हाणीघराबाहेर, हवेशीर आणि मुलांच्या हाताबाहेर असावी. कारखान्यातून आलेले कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, म्हणून त्यांच्यासाठी झाकणाचा वेगळा प्लास्टिकचा डबा दाराशीच ठेवणे सोयीचे.

शेजारच्या डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या परिसरात, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि त्यांतले काही धक्के पालघर-बोईसरपर्यंत जाणवले. त्यामुळे उघड्या फळीला पुढे इंचभर कठडा असावा, काचेच्या बाटल्या वरच्या फळीवर नसाव्यात आणि जड रॅक चिकटपट्टीवर न टांगता भिंतीत प्लग ठोकूनच बसवावा. त्यासाठी भोक पाडण्याआधी आतल्या पाइपांची दिशा प्लंबरकडून टाइलवर पेन्सिलने आखून घ्यावी. प्लास्टरपूर्वी काढलेला फोटो असेल तर काम आणखी सोपे होते.

शोभेसाठी वेगळे काही करावे लागत नाही. कोनाड्यांच्या कडा टाइलच्या सांध्यांशी जुळवल्या, सगळे हूक एका रेषेत घेतले आणि फळ्यांना एकाच रंगाचा दगड वापरला, की लहान न्हाणीघरही नेटके दिसते. फिकट टाइलवर क्षाराचे पांढरे डाग कमी उठून दिसतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी काळी चकचकीत टाइल टाळावी. पहिला पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या उन्हात कपाट रिकामे करून वाळवावे, स्क्रू पुन्हा आवळावेत आणि सिलिकॉन सुटलेले सांधे भरून घ्यावेत.