दुष्काळात झाड काय करतं?

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य पर्जन्यछायेत येतं. पावसाने ओढ दिली की इथलं हिवराचं झाड आधी पानांवरची सूक्ष्म रंध्रं मिटतं, मग पानं गाळतं. पाणी वाचतं, पण रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही मिळत नाही, साठवलेल्या स्टार्चवर गुजराण करावी लागते. दुष्काळ लांबला तर खोडातल्या नलिकांमधली पाण्याची ताणलेली धार तुटते, तिथे हवेचे बुडबुडे शिरतात आणि शेंड्याकडून फांद्या वाळतात. ही हानी भरून यायला नवं लाकूड तयार व्हावं लागतं. म्हणूनच चांगल्या पावसानंतरही काही झाडं वर्ष-दोन वर्षांनी मरतात. अशा कमकुवत झाडांना सावरायला वेळ मिळावा म्हणून हिवरे बाजार या गावाने पाळलेली कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी दुष्काळ सरल्यावरही तितकीच गरजेची आहे.