घोड्यांचे ठिसूळ खूर

ठिसूळ खूर हा घोड्याच्या खुराच्या बाह्य भिंतीत आढळणारा दोष आहे. यात भिंतीची कडा कोरडी पडते, तिचे टवके उडतात, उभ्या भेगा जातात आणि नाल बसवताना ठोकलेले खिळे सैल होतात. भेग आतील जिवंत भागापर्यंत पोहोचल्यास घोडा लंगडू लागतो.

रचना आणि वाढ

खुराची भिंत केराटीन या प्रथिनाची बनलेली असते. माणसाच्या नखांतही हेच प्रथिन असते. भिंतीत रक्तवाहिन्या किंवा चेतातंतू नसतात. पायावरील केस जेथे संपतात, तेथील जिवंत ऊतींपासून ती तयार होते आणि हळूहळू खाली सरकते. ही वाढ महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर असते. त्यामुळे खुराच्या पुढील भागाची भिंत पूर्णपणे नवी होण्यास साधारणतः ९ ते १२ महिने लागतात. तडकलेला भाग पुन्हा सांधला जात नाही. तो खाली येऊन छाटला जाईपर्यंत त्याचे रक्षण करणे आणि वरून निरोगी खूर वाढू देणे, हा निगेचा मूळ हेतू असतो.

कारणे

वारंवार भिजणे आणि वाळणे हे खूर ठिसूळ होण्याचे एक प्रमुख कारण आहे. भिजलेला खूर फुगतो, वाळताना आकसतो आणि त्याचे थर कमकुवत होतात. तबेल्यातील मलमूत्र, आनुवंशिकता, असंतुलित आहार आणि छाटणीतील दिरंगाई हीही कारणे आहेत. वाढलेली कडा तरफेसारखी भिंतीला बाहेर ओढते व भेग वर चढत जाते.

महाराष्ट्रात माथेरान येथे मोटार वाहनांना बंदी असल्याने प्रवासी व माल वाहण्यासाठी घोड्यांचा वापर होतो. तेथे पावसाळ्यात अतिवृष्टी होते, इतर ऋतू बव्हंशी कोरडे असतात आणि वाटा चढउताराच्या आहेत. अशा ठिकाणी घोडा लंगडला की मालकाची मिळकतही थांबते. म्हणून खुरांची नित्य निगा महत्त्वाची ठरते.

निगा

खूर रोज आकड्याने साफ करून भेगा, दुर्गंधी व सैल खिळे तपासावेत. तबेल्यातील जमीन कोरडी ठेवावी. कुशल नालबंदाकडून साधारणतः दर ६ ते ८ आठवड्यांनी छाटणी करून घ्यावी. भेगा असल्यास हे अंतर कमी करावे. नाल नीट बसावी म्हणून भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग कानशीने जास्त घासू नये, कारण त्यावरील पातळ थर ओलावा टिकवण्यास मदत करतो. तेल लावल्याने खुराला चकाकी येते, पण आहारातील उणीव भरून निघत नाही.

आहार

खुराच्या वाढीसाठी उत्तम प्रथिने, मेथिओनिन हे अमिनो आम्ल, जस्त, तांबे आणि बायोटिन हे जीवनसत्त्व आवश्यक असते. लिपिझानर जातीच्या घोड्यांवरील अभ्यासात रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिल्याने खुरांची प्रत सुधारल्याचे आढळले. मात्र हा परिणाम दिसण्यास कित्येक महिने लागले. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असते, त्यामुळे केवळ त्यावर भर देणे अयोग्य ठरते. लसूणघासातून कॅल्शियम व प्रथिने मिळतात. सेलेनियम अल्प प्रमाणात आवश्यक असले तरी त्याच्या अतिरेकाने आयाळ व शेपटीचे केस गळतात आणि खुरांना भेगा पडतात. म्हणून पूरक खनिजे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

पशुवैद्यकीय उपचार

लंगडणे, खूर गरम लागणे, भेगेतून रक्त किंवा पू येणे, अथवा भेग केसांच्या रेषेपर्यंत जाणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी घोड्याचे काम तत्काळ थांबवून पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. भिंत व तळवा यांच्या सांध्यात जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग झाल्यास तो भाग स्वच्छ केल्याशिवाय वरून लेप लावून भेग बुजवू नये, कारण संसर्ग आत कोंडला जातो.