कारकुनाचा संगणक

बुलढाणा तालुक्यातील धाडसारख्या गावात ग्रामपंचायतीचे दाखले आणि तलाठ्याचा सातबारा संगणकावर आले, तेव्हा ज्यांची निम्मी नोकरी नोंदवह्या व कार्बन कागद यांत गेली होती, अशा कर्मचाऱ्यांना नव्याने विद्यार्थी व्हावे लागले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून चालू लागला आणि शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून मान्य झाल्याने त्याच्या प्रमाणपत्राला मोठे महत्त्व आले. मात्र प्रमाणपत्र मिळणे आणि काम येणे यांत अंतर राहतेच.

हे अंतर मराठी टंकलेखनात विशेष जाणवते. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक वळणसंचात, लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो; याउलट युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक असल्याने मजकूर कोठेही वाचता येतो. युनिकोडमध्ये लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात, व ‘ग्राम’ लिहिताना ग, हलन्त, र, काना, म अशा क्रमाने कळा दाबाव्या लागतात. ही रचना उच्चाराच्या क्रमाने चालत असल्याने मराठी माणसाला ती लवकर उमगावी, पण शिकवणाऱ्याने कारण न सांगता केवळ कळा पाठ करून घेतल्या, तर शिकणारा पहिल्या अडचणीलाच शेजारच्या टेबलाकडे पाहतो. म्हणून प्रशिक्षणात काल्पनिक उदाहरणांऐवजी कर्मचाऱ्याचेच पत्र आणि त्याचाच करवसुलीचा तक्ता घ्यावा.