पाळीआधीचे आठ दिवस : स्वभाव नव्हे, दुखणे



या पानावर आम्ही नेहमी बेणे, भरणी, खोडवा, खताचे हप्ते यांबद्दल लिहितो. या खेपेचा विषय शेतातला नाही, पण शेतात राबणाऱ्या निम्म्या माणसांचा आहे. भांगलण, वैरण, धारा, डबा, पोरांची शाळा हे सगळे जिच्या जिवावर चालते, त्या बाईला महिन्यातले काही दिवस स्वतःचे मनच आवरत नाही, अशी तक्रार गटागटांत फिरताना कानावर येते. सांगताना बाया आवाज खाली करतात, आणि बाप्ये विषय बदलतात. म्हणून हे छापूनच सांगावे असे आम्ही ठरवले.

हे नेमके काय असते?

पाळी येण्याआधी थोडी चिडचिड होणे, अंग जड वाटणे, छाती दुखणे हे पुष्कळ बायकांना होते. तो काही रोग नव्हे. पण शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणींना हा त्रास फार जोराने होतो. पाळीच्या आधी आठ-दहा दिवस राग आवरत नाही, उगाच रडू कोसळते, झोप उडते, हातातल्या कामात ध्यान राहत नाही, जगण्यात काही राम नाही असे वाटते. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत मन पुन्हा मोकळे होते. पुढच्या महिन्यात परत तेच. घरात मात्र "नाटकं करतीया", "अंगात आलंय", "माहेरचं वळणच तसलं" असे शेरे बसतात. ऐकून ऐकून तिलाही वाटायला लागते, की आपलाच स्वभाव वाईट.

हे दुखणे डॉक्टरी शास्त्राला नवे नाही. १९३१ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीआधीच्या मनाच्या ताणावर लिहिले. १९५३ साली इंग्लंडमध्ये डॉ. कॅथरिना डाल्टन आणि डॉ. रेमंड ग्रीन यांनी पाळीआधीच्या या साऱ्या तक्रारींना एकत्र नाव दिले. त्यातल्या तीव्र प्रकाराला आता 'पीएमडीडी' म्हणतात. २०१३ साली अमेरिकेच्या मानसोपचार तज्ज्ञांनी तो स्वतंत्र आजार म्हणून मान्य केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली मंजूर झालेल्या आजारांच्या यादीतही त्याची नोंद आहे.

कारण असे. अंडाशयातून बीज सुटल्यावर पाळी येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. त्या काळात शरीरातील संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, चढतात आणि उतरतात. ही चढउतार सगळ्याच बायकांत होते. या बायकांत तिचे प्रमाण बहुधा इतरांसारखेच असते, पण त्यांच्या मेंदूला ती जास्त बाधते. एकाच पाटाचे पाणी निचऱ्याच्या रानात जिरते आणि चोपण रानात उभे राहते, तसेच हे. म्हणून रक्त तपासून हा आजार कळत नाही. तो कळतो नोंदीवरून.

नोंद कशी ठेवावी?

लागणीची तारीख नोंदलेली नसेल तर उसाचे वय कुणी छातीठोकपणे सांगत नाही. इथेही तसेच आहे. १९७३ सालापासून निघणारे 'कालनिर्णय' आपल्याकडे घरोघरी भिंतीवर असते. त्यावर बाया दुधाचा हिशेब लिहितात. त्याच चौकटीत रोज रात्री एक खूण करावी. दिवस बरा गेला तर काही नाही. थोडा त्रास झाला तर एक टिंब, जास्त झाला तर दोन, सोसवेना इतका झाला तर तीन. पाळीच्या दिवसांना गोल करावा. लिहिता-वाचता न येणारीलाही हे जमते. भिंतीवर नको वाटले तर वहीत करावे.

लागोपाठ दोन महिने असे करावे. टिंबे पाळीच्या आधीच दाटली आणि नंतर पान स्वच्छ राहिले, तर हेच दुखणे असण्याचा संभव आहे. टिंबे महिनाभर पसरलेली असतील तर कारण दुसरे असू शकते : कायमची उदासी, थायरॉईड, अंगात रक्त कमी असणे. दोन्ही वेळा ते पान घेऊन डॉक्टरकडे जावे. तोंडी शंभर गोष्टी सांगण्यापेक्षा त्या एका पानाचा उपयोग जास्त होतो.

घरच्यांनी काय करावे?

कोणते दिवस जड जाणार हे नोंदीवरून आधीच कळते. घरची वास्तू, पाहुण्यांचे जेवण, दिवसभराची भांगलण शक्यतो त्या दिवसांत धरू नये. वैरणीचा भारा एखाद्या दिवशी दुसऱ्याने आणावा. झोप पुरी होऊ द्यावी. त्रास नसलेल्या दिवसांतही रोज अर्धा तास पायी चालावे; रानातल्या कामाने अंग दुखते, पण मोकळे चालल्याने मनाला आराम पडतो. रात्रीचा चहा आणि मिशरी कमी करावी, दोन्हींनी झोप मोडते.

१९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या बायकांचा पाळीआधीचा त्रास बराच कमी झाल्याचे दिसले. गोळी डॉक्टरला विचारून घ्यावी. पण दूध, तीळ आणि नाचणी घरचीच आहेत. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सगळे दूध डेअरीला घालून घरच्या बाईने बिनदुधाचा चहा पिऊ नये.

आणखी एक. त्या दिवसांत बाई काही बोलली की "पाळी आली वाटतं" म्हणून उडवून लावू नये. राग त्या दिवसांत वाढत असेल, पण तक्रार खरी असू शकते. तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि माहेरी धाडण्याचे, वाटणीचे, कायमचे तोडण्याचे निर्णय चार दिवस पुढे ढकलावेत.

औषध आहे, पिशवी काढणे हे औषध नव्हे

एवढ्याने भागले नाही तर उपचार आहेत. उदासीवरच्या काही गोळ्या या त्रासावर कमी मात्रेत आणि थोड्याच दिवसांत लागू पडतात. काहींना त्या फक्त पाळीआधीच्या दिवसांत दिल्या जातात. काहींना पाळणा लांबवण्याच्या विशिष्ट गोळ्या चालतात. हे डॉक्टरने ठरवायचे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, दाखवता येते. मानसोपचार विभागात गेले म्हणून कुणी वेडे ठरत नाही.

"पिशवी काढा, कटकट मिटेल" हा सल्ला मात्र जपून ऐकावा. हा त्रास गर्भपिशवीतून येत नाही. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय राहिले, तर पाळी थांबते पण मनाची चढउतार चालूच राहू शकते. अंडाशयही तरुणपणी काढले तर पाळी जाण्याच्या वयाचे त्रास आधीच सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होतात. काही आजारांत शस्त्रक्रिया लागतेच, पण दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये.

हे सांगायला कारण आहे. बीड भागातून आपल्या शिवारात ऊसतोडीला टोळ्या येतात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहांत एक. कारणे अनेक होती, पण पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते, हे त्यातले एक. आपल्या रानात टोळी असेल तेव्हा प्यायला पाणी, आडोसा आणि दुखत असेल त्या बाईला सावलीत बसायची मुभा एवढे तरी सभासदाने पाहावे.

कुलूप

शेवटचे, पण सगळ्यांत महत्त्वाचे. त्या दिवसांत काहींच्या मनात जीव देण्याचा विचार येतो. तो बहुधा चार दिवसांत ओसरतो, पण त्या चार दिवसांत हाताशी विष असता कामा नये. तणनाशक आणि कीटकनाशक घरात, गोठ्याच्या कोनाड्यात, पलंगाखाली ठेवू नका. पेटीत घालून कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा, आणि लागेल तेवढेच विकत आणा. असे काही बोलणे कानावर आले तर त्या बाईला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ सालापासून चालू आहे. तो रात्रंदिवस फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते. हा आकडा कालनिर्णयच्या पानावर वरच्या बाजूला लिहून ठेवावा.

पुढील अंकात : खोडव्यातील पाचटाचे व्यवस्थापन.

— ऊस विकास अधिकारी